गव्हाचा मामा

डबऱ्याकडे त्याला गव्हाचा मामा म्हणतात.
तीच पात, तोच हिरवा, उभं राहायची तीच तऱ्हा.
आमचे भास्करमामा आठ दिवसांसाठी दौलतगंजात आले
आणि वडिलांचा स्वेटर घालून अकरा वर्षं राहिले,
त्यामुळे हे नाव मला लागलीच पटलं.

माती दोघांना एकाच ताटात वाढते.
भेद करायचा पगार मला आहे:
बुंध्याशी नख रोवायचं,
पांढरं निघालं तर गहू.
लालसर रस बोटाला लागला, तर मामा.

दुलीचंद किरारांच्या सात बिघ्यांत
माझं नख डिसेंबरभर लाल.

"पहिल्या वर्षी औषध मारलं," ते सांगतात,
"तेव्हा असा पिवळा पडला की सुतक धरावं वाटलं.
मग दरसाल तेच. तोच डबा, तोच दुकानदार,
भात, गहू, भात, गहू,
हरसीच्या कालव्याचं पाणीसुद्धा ठरल्या दिवशी.
आमचं पंचांग पाठ झालं हो त्याला."

मग मात्रा दीडपट. मग दुप्पट.
मग वेगळ्या चित्राचा डबा, आत जुनंच पाणी.

ग्वाल्हेरला, कॉलेजच्या काचघरात,
मी त्यांच्या शेतातलं बी चौसष्ट कुंड्यांत पेरलं.
तिळाहून बारीक, चकचकीत;
मोजायला बसण्याआधी टेबलावरचा गजक उचलावा लागतो,
नाहीतर नोंदीत घोळ.
पाव मात्रा, अर्धी, पुरी, चौपट.
एकविसाव्या दिवशी चौपटीच्या कुंडीत
मामा पान ताठ करून उभा,
रात्री नुसतं दव पडलं असावं तसा.

वहीत तीन रकाने: मेलं, अर्धमेलं, जिवंत.
तिसरा भरत गेले आणि हात थांबला.
बियाणं आपण असंच तर निवडतो,
टपोरी ओंबी बाजूला काढून, पुढच्या सालासाठी.
इथे बारा वर्षं तेच झालं, उलट्या हाताने.
मरणारे मारले. न मरणारे ठेवले,
आणि त्यांना दिली मोकळी, खतावलेली, ओली जागा.
या वाणाची कधी नोंदणी झालीच
तर पैदासकाराच्या रेघेवर
दुलीचंदांची, दुकानदाराची आणि आमच्या कॉलेजची सही लागेल.

यंदा मंडीत एक नवा माणूस आला, कोऱ्या टोपीतला.
म्हणाला, असं बियाणं येतंय काका,
वरून काहीही फवारा, पीक जागचं हलणार नाही.
दुलीचंदांनी सगळं ऐकून घेतलं.
"न मरणारं एक आहे की माझ्याकडे.
ते घेता का विकत?"

आपल्याला मामा नक्की कुणी बनवलं
हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

या हिवाळ्यात तीन बिघ्यांत गहू नाही, बरसीम आहे.
युक्ती माझी नाही, माझ्या साहेबांची तर नाहीच.
त्यांच्या सुनेची, विमलेशची.
तीन म्हशी, आणि विकतच्या चाऱ्याचा तिला कंटाळा आला होता, बस.
दर महिन्याला विळा फिरतो.
मामा उगवतो, बरसीमच्या खांद्याला खांदा लावतो,
लोंबी धरायच्या आत कापला जातो
आणि दुपारपर्यंत म्हशीच्या पोटात.
त्याला कुणी विष घालत नाही.
म्हातारा होऊ देत नाहीत, इतकंच.

मी म्हटलं, मातीत अजून बी आहे, वर्षानुवर्षं येत राहील.
"येऊ दे," विमलेश म्हणाली, "म्हशीही कुठे चालल्यात?"
आणि चहात दूध ओतलं, कपाच्या काठापर्यंत.

उरलेल्या चार बिघ्यांत तो आहेच.
फेब्रुवारीत गव्हाच्या वर वीतभर डोकं काढून
लोंब्या हलवत बसलाय, बी सांडायच्या बेतात.
पुढच्या साली इथे काय पेरायचं
ते सासरा-सुनेचं अजून ठरलेलं नाही.
मोहरी म्हणतात, कधी बटाटा म्हणतात.
भांडण मोठ्याने चालतं. त्यालाही ऐकू जात असेल.